गच्चीवरचा उष्णतारोधक थर आणि त्यासोबतची खरेदी: लातूरमधील तीन उन्हाळ्यांचा अनुभव

लातूर शहराच्या कडेला, बार्शी रस्त्यालगतच्या एका वसाहतीत आम्ही २०२२ च्या दिवाळीत स्वतःच्या घरात राहायला आलो. अकराशे चौरस फुटांचे, एकमजली, आरसीसी सांगाड्याचे हे घर आहे. बांधकामाच्या वेळी गच्चीच्या मोठ्या भागावर उष्णतारोधक थर घालून घेतला, भिंतींना विटांऐवजी एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेच्या पोकळ्या असलेले हलके ठोकळे, वापरले, सर्व खोल्यांत बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचे, पंखे लावले आणि पुढे दीड वर्षाने गच्चीवर सौरसंच बसवला. यातील कोणती वस्तू पैशाला पुरून उरली, कोणती अर्धीच उपयोगी पडली आणि कोणते काम करून घेताना डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते, हे तीन उन्हाळे काढल्यानंतर मला खात्रीने सांगता येईल असे वाटते. माझे मत आधीच सांगतो. मराठवाड्यात घर बांधणाऱ्याने वीजबचतीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतील पहिला रुपया गच्चीवर खर्च करावा. सौरसंच, एसी आणि बाकीची यंत्रे त्यानंतर.

याचे कारण सूर्याच्या वाटेत आहे. लातूर सुमारे १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला भर दुपारचा सूर्य येथे जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर जुलैच्या अखेरपर्यंत तो माध्यान्ही किंचित उत्तरेकडे कललेला असतो. त्यामुळे उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत सकाळी दहा ते दुपारी दोनपर्यंत भिंतींवर पडणारे ऊन निसटते असते, गच्चीवर मात्र ते सरळ उभे पडते. पाच-सहा इंचांचा स्लॅब ही उष्णता अडवत नाही, तो तिला फक्त उशीर करतो. दुपारी शोषलेली उष्णता काही तासांनी स्लॅबच्या खालच्या अंगाने खोलीत उतरू लागते, आणि रात्री अकरा वाजता पंख्याखाली पडूनही अंगावर गरम वारा येतो तो याच साठ्याचा. बाहेर अंगणात वारा गार झालेला असताना आत झोप लागत नाही, म्हणून अंथरूण घेऊन गच्ची गाठणारी कुटुंबे आपल्याकडे आजही कमी नाहीत.

आमचे मूळ गाव औसा तालुक्यातले. तेथील जुने घर माळवदाचे होते: लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर दाट बसवलेली लाकडे, त्यांवर पांढरीच्या मातीचा हातभर जाड थर आणि उजेडासाठी मधोमध सवणे. मे महिन्याच्या दुपारी उन्हातून ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, पाऊल टाकताच जो गारवा लागे, तो अजून आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात औसा आणि उमरगा तालुक्यांतील हजारो माणसे याच मातीच्या आणि जाड दगडी भिंतींच्या ओझ्याखाली दबून गेली. त्या पहाटेनंतर माळवद पुन्हा बांधण्याची कोणाची छाती झाली नाही, आणि ते योग्यच झाले. परंतु माळवदाबरोबर त्याचा गारवाही गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या उघड्या स्लॅबला तो गारवा दुसऱ्या कोणत्या मार्गाने देता येईल, याचा विचार आपण फारसा केला नाही. भूकंपात घरावर येणारे बल घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. १९९३ पूर्वी हा भाग देशाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता, तो २००२ च्या नकाशात तिसऱ्या विभागात आला. म्हणून घर गार ठेवायचे, पण छतावर वजन वाढवायचे नाही, ही अट मी पहिल्या दिवसापासून मनाशी बांधली होती.

या अटीत बसणारी वस्तू म्हणजे एक्सट्रुडेड पॉलिस्टायरिनचे बोर्ड, बाजारात त्यांना एक्सपीएस म्हणतात. पन्नास मिलिमीटर जाडीच्या बोर्डाचे वजन एका चौरस मीटरला दोन किलोही भरत नाही, उलट दीड फूट मातीचे वजन तेवढ्याच जागेवर सातशे किलोच्या आसपास जाते. उष्णता अडवण्याच्या कामात मात्र हा दोन इंचांचा बोर्ड त्या मातीपेक्षाही सरस आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. तिच्यात छताचे यू-मूल्य, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पार होते त्याचा आकडा, १.२ पेक्षा जास्त असू नये असे सांगितले आहे. उघड्या स्लॅबचे हे मूल्य तीनच्या वर जाते; पन्नास मिलिमीटरचा एक्सपीएस घातल्यावर ते ०.५ च्या आसपास उतरते. ही संहिता पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी आहे, आमच्यासारख्या लहान घरांना तिचे बंधन नाही; तरीही आपल्या अभियंत्यासमोर ठेवायला हा एक आकडा फार उपयोगी पडतो, कारण त्यामुळे बोलणे अंदाजावरून मोजमापावर येते.

आमच्या गच्चीवर खालून वर असा क्रम आहे: स्लॅब, वॉटरप्रूफिंगचा थर, एक्सपीएस बोर्ड, त्यावर जाड कापडासारखा जिओटेक्स्टाइल, मग उताराचा काँक्रीट थर आणि सर्वांत वर पांढऱ्या फरशीचे तुकडे, म्हणजे चायना मोझॅक. वॉटरप्रूफिंग बोर्डाच्या खाली घेतल्याने त्यावर थेट ऊन पडत नाही आणि ते उन्हाने आकसत-फुगत नाही. हा क्रम अभियंत्याने सुचवला होता आणि तीन पावसाळ्यांत कोठेही ओल आलेली नाही. बोर्ड घालण्याआधी गच्चीला कट्टे करून तीन दिवस पाणी साठवून ठेवावे. गळती असेल तर ती तेव्हाच दिसते, नंतर शोधणे फार कठीण होते.

खर्च साध्या वॉटरप्रूफिंग आणि विटांच्या कोब्याच्या तुलनेत जवळपास दुपटीने आला. पैसे हाताशी कमी असल्याने हॉल आणि दोन झोपण्याच्या खोल्या एवढ्याच भागावर एक्सपीएस घातले, स्वयंपाकघरावर साध्या कोब्यावर उन्हाला परतवणारा पांढरा रंग दिला आणि मागच्या अंगाची अडगळीची खोली उघड्या स्लॅबची ठेवली. या नाइलाजामुळे एकाच घरात तीन प्रकारची छते शेजारी शेजारी आली आणि तुलना आपोआप झाली. पहिल्या मे महिन्यात एका कडक उन्हाच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी हातातल्या इन्फ्रारेड तापमापकाने तिन्ही छतांची खालची बाजू मोजली. उघड्या स्लॅबवर ४३ अंश, पांढऱ्या रंगाच्या स्लॅबवर ३८ आणि एक्सपीएसखालच्या स्लॅबवर ३५ अंश भरले. रात्री अकरा वाजता अडगळीच्या खोलीचे छत अजून चाळिशीच्या जवळ होते. हे प्रयोगशाळेतले मोजमाप नाही, एका घरातले आहे. पण तीन खोल्यांत पाठोपाठ हात वर केला तरी फरक तळहाताला कळतो.

या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते, आणि ती विक्रेते सहसा सांगत नाहीत. उघड्या स्लॅबपासून पांढऱ्या रंगापर्यंत जो फरक पडतो, तो पांढऱ्या रंगापासून एक्सपीएसपर्यंतच्या फरकापेक्षा मोठा आहे, आणि खर्च मात्र किरकोळ आहे. करड्या काँक्रीटवर पडलेल्या उन्हातले निम्म्याहून अधिक ऊन ते शोषून घेते. पांढरा पृष्ठभाग त्यातला बराचसा भाग आत येऊ देण्यापूर्वीच परत पाठवतो. ज्यांचे घर आधीच बांधून झाले आहे, त्यांनी प्रथम हेच करावे. रंगाला पैसे नसतील तर चांगल्या प्रतीचा कळीचा चुना भिजवून, गाळून, चिकटपणासाठी त्यात डिंक मिसळून दोन हात द्यावेत. तो पावसाळ्यात धुऊन जातो आणि दरवर्षी होळीच्या सुमाराला पुन्हा द्यावा लागतो, एवढीच त्याची अडचण. तयार रंग अधिक टिकतो, परंतु आपल्याकडची धूळ बसून तोही मळतो. आमच्या स्वयंपाकघरावरची गच्ची दरवर्षी मार्चमध्ये खराट्याने घासून धुतल्याशिवाय रंगाचा पूर्ण गुण येत नाही.

एक्सपीएसचे काम करून घेताना आलेले अनुभव मात्र सविस्तर सांगितले पाहिजेत, कारण ही वस्तू चांगली असूनही ती बसवणारे हात आपल्याकडे अजून तयार झालेले नाहीत. पहिल्या दुकानात मला पांढरे थर्माकोल दाखवून हे आणि ते एकच असल्याचे सांगण्यात आले. ते एकच नाही. थर्माकोलमध्ये दाणे दिसतात, हलक्या प्रतीचे थर्माकोल अंगठ्याने दाबले तर खड्डा पडतो आणि त्यात पाणी मुरते. एक्सपीएस एकसंध असते, दाबाला टिकते आणि पाणी जवळजवळ घेत नाही. ज्या गच्चीवर माणसे चालणार, पाण्याची टाकी बसणार, पापड-कुरडया वाळत पडणार, तेथे दाब सोसण्याची क्षमता बोर्डावर छापलेली पाहूनच माल घ्यावा.

ज्या ठेकेदाराला काम दिले, त्याच्याकडून दोन चुका झाल्या. आणलेले बोर्ड त्याने आठ-दहा दिवस गच्चीवर उघड्या उन्हात ठेवले. ऊन लागल्याने वरच्या बोर्डांचा पृष्ठभाग पिवळा पडून त्याची भुकटी हाताला लागू लागली आणि तेवढे बोर्ड आम्हाला बदलून घ्यावे लागले. दुसरी चूक अधिक महत्त्वाची. दोन बोर्डांमध्ये बोटभर फटी ठेवून त्या त्याने सिमेंटच्या मालाने भरायला सुरुवात केली. अशी प्रत्येक फट म्हणजे उष्णतेला आत येण्याची वाट होते. कडांना खाचा असलेले, एकमेकांवर चढून बसणारे बोर्ड मागवले होते ते याच कारणासाठी, हे समजावून सांगितल्यावर त्याने दीड खोलीवरचे काम उचलून पुन्हा केले. याबद्दल मी त्याला दोष कमी देतो. गवंड्यांना कोबा पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, हा थर नवा आहे. घरमालकाने त्या दोन दिवसांत दुसरे कोणतेही काम ठेवू नये, एवढेच मी म्हणेन. कठड्याच्या बुडाशी बोर्डाची पट्टी उभी लावायची मात्र आमच्याकडूनही राहून गेली आणि त्या कडेला छत आजही बाकीच्यापेक्षा उष्ण लागते.

आणखी एक अनुभव असा की, उष्णता अडवणारे छत आतली उष्णताही सहज बाहेर जाऊ देत नाही. पहिल्या उन्हाळ्यात सवयीप्रमाणे आम्ही दिवसभर खिडक्या उघड्या ठेवत होतो. त्यामुळे लू आत येई, फरशी आणि भिंती तापत आणि रात्री ती उष्णता घरातच कोंडून राही. आठवडाभर आम्हाला वाटले की पैसे वाया गेले. मग सकाळी नऊच्या सुमाराला खिडक्या व पडदे बंद करायचे, संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडून पहाटेपर्यंत तशाच ठेवायच्या, असा नेम माझ्या पत्नीने घालून दिला आणि तेव्हापासून घराचा गुण दिसू लागला. पूर्वीच्या वाड्यांत दुपारी दारे लोटून घेण्याची रीत होती, ती याच हिशेबाची.

भिंतींच्या एएसी ब्लॉकबद्दल माझे मत चांगले आहे, पण अटींसह. या ब्लॉकचे वजन तेवढ्याच आकाराच्या विटांच्या सुमारे एक तृतीयांश असते, त्यामुळे सांगाड्यावरचा भार घटतो; किल्लारीच्या इतक्या जवळ राहणाऱ्या माणसाला हा मुद्दा वीजबचतीइतकाच मोलाचा वाटतो. त्यांच्यातील हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे उष्णतेचे वहन पक्क्या विटेच्या निम्म्याहूनही कमी होते. मात्र आमच्या गवंड्याने पहिल्या दोन दिवसांत ते विटांसारखेच अर्धा इंच सिमेंटच्या सांध्याने रचले. त्यांना तयार चिकट मसाल्याचा जेमतेम तीन मिलिमीटरचा सांधा लागतो. जाड सांध्यातून उष्णता तर येतेच, शिवाय गिलाव्यावर पुढे सांध्याच्या रेघा उमटतात. कॉलम आणि ब्लॉक जेथे भेटतात तेथे गिलाव्याआधी फायबरची जाळी लावलीच पाहिजे. आम्ही ती तीन बाजूंना लावली, चौथ्या बाजूला राहिली, आणि बरोबर तेथेच पहिल्या वर्षी वरपासून खालपर्यंत सरळ तडा गेला. विजेच्या नळ्यांसाठी खाचा छिन्नी-हातोड्याने नव्हे, कटरनेच कापाव्यात. आणि भिंतीवर जड वस्तू टांगायची असल्यास साधा खिळा धरत नाही, लांब अँकर लागतात. देव्हाऱ्याची फळी एकदा निखळल्यावर आम्हाला हे कळले. छत उघडे ठेवून केवळ भिंती ब्लॉकच्या केल्या तर एकमजली घरात फार फरक पडत नाही, हेही नमूद करतो. शेजारच्या गल्लीतील एका परिचितांनी तसे केले आहे आणि त्यांच्या वरच्या खोलीत मे महिन्यात बसवत नाही.

पश्चिमेच्या भिंतीचा प्रश्न वेगळा आहे. संध्याकाळी चार वाजता सूर्य खाली उतरलेला असतो आणि कितीही रुंद छज्जा केला तरी त्याखालून ऊन थेट खिडकीत येते. दक्षिणेला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो, पश्चिमेला उभा आडोसाच हवा. आम्ही शेतात रोपवाटिकेला वापरतात ती हिरवी शेडनेट लोखंडी चौकटीवर ताणून भिंतीपासून फूटभर अंतरावर उभी केली आहे. दिसायला ती साधीच आहे, पण काचेच्या आत लावलेल्या जाड पडद्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. पडदा तापतो तेव्हा ऊन काचेतून आत आलेलेच असते, जाळी ते काचेला शिवण्याआधी अडवते. तिच्या पलीकडे कडुनिंब लावला आहे. तो वाढला की चौकट काढून टाकू. खिडक्या घेताना सरकत्या दोन पल्ल्यांऐवजी बिजागरीच्या घेतल्या, कारण सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी तिचा निम्माच भाग उघडतो आणि रात्रीचा वारा घेण्याच्या दृष्टीने ते नुकसानीचे आहे.

पंख्यांवर फार लिहिण्याची गरज नाही. या यादीतील सर्वांत निर्धास्त खरेदी तीच. साधा पंखा पूर्ण वेगाने सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३० ते ३५. आमचे चार पंखे उन्हाळ्यात दिवसाला सरासरी पंधरा तास चालतात, म्हणजे रोज अडीच युनिटांच्या आसपास बचत होते आणि महिन्याला ती पंचाहत्तर युनिटांच्या घरात जाते. महावितरणचे दर युनिटांच्या टप्प्यांनुसार वाढत असल्याने वाचणारे युनिट हे वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातले असते, हे लक्षात घेतले तर पंख्याच्या किमतीतला फरक लवकर भरून निघतो. वीज गेल्यावर त्याच इन्व्हर्टर बॅटरीवर पंखे दुपटीच्या आसपास वेळ चालतात, हा ग्रामीण भागासाठी बिलापेक्षाही मोठा लाभ आहे. जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांना स्टार लेबल सक्तीचे झाले आहे, त्यामुळे निवड सोपी झाली आहे. पंख्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर जोडून ठेवू नये, आणि वादळी पावसात विजेचा दाब वर-खाली होतो तेव्हा आतले सर्किट जळू शकते, म्हणून दोन वर्षांहून अधिक हमी असलेलाच पंखा घ्यावा. आमच्या चारांपैकी एकाचे सर्किट दुसऱ्या पावसाळ्यात गेले, ते हमीत बदलून मिळाले, पण कारागीर यायला बारा दिवस लागले.

सौरसंच आम्ही २०२४ मध्ये, पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यानंतर बसवला. या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटांना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असे तीन किलोवॅटपर्यंत कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि त्यासाठी पॅनेल देशातच बनवलेल्या सेलचे, म्हणजे उन्हापासून वीज करणाऱ्या चकत्यांचे, असावे लागतात. येणारा विक्रेता तीन किलोवॅटचाच आग्रह धरतो. छत आणि पंखे आधी सुधारलेले असल्याने आमचा वापर इतका उतरला होता की दोन किलोवॅट पुरेसे ठरले, आणि तिसऱ्या किलोवॅटचे पैसे वाचले. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरावेत; आमच्याकडे उन्हाळ्यात त्याहून जास्त, श्रावणात कमी, असा अनुभव आहे.

संच बसवणाऱ्यांचे काम नीटनेटके होते, परंतु तीन गोष्टी त्यांनी आपणहून सांगितल्या नाहीत. पहिली अशी की, साधा ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीविना थेट महावितरणच्या तारांना जोडलेला, संच बाहेरची वीज गेली की भर दुपारीही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच असते. भारनियमनावरचा उपाय म्हणून जो हा संच घेईल त्याची निराशा होईल. दुसरी, पॅनेलची क्षमता सेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटते. मे महिन्यात सेल साठ अंशांच्या पुढे जातात. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवून न बसवता खालून वारा वाहील असे उंच घ्यावेत. आम्ही चौकट सात फुटांवर घेतली, त्यामुळे वारा मिळतोच, शिवाय स्वयंपाकघरावरच्या गच्चीला सावली मिळून तेथील छत आणखी गार झाले. तिसरी गोष्ट पाण्याची. आपले बोअरचे पाणी जड आहे. त्याने पॅनेल धुतले तर काचेवर क्षारांचे पांढरे डाग धरतात आणि ते घासून निघत नाहीत. आम्ही पावसाचे साठवलेले पाणी यासाठी राखून ठेवतो आणि दर पंधरा दिवसांनी सूर्योदयापूर्वी मऊ फडक्याने पॅनेल पुसून घेतो.

हेच जड पाणी सौर पाणीतापकाच्या मुळावर आले. काचेच्या नळ्यांचा शंभर लिटरचा संच स्वस्त मिळाला म्हणून घेतला. दीड वर्षात नळ्यांच्या बुडाशी क्षारांचा थर बसून पाणी कोमट येऊ लागले. बोअरवर अवलंबून असलेल्यांनी आत वेगळे पाणी फिरवून उष्णता देणारा, हीट एक्स्चेंजर असलेला संचच घ्यावा, किंवा मग ही खरेदीच सोडून द्यावी. आमची ही खरेदी चुकली.

कूलरबाबत लातूरकरांना वेगळे सांगायला नको. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो एसीच्या अगदी थोड्या विजेत खोली गार करतो, पण त्याला पाणी लागते, आणि २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागलेल्या शहरात रोज टाकी भरताना हात अडखळतो. छत सुधारल्यावर आमचा कूलर दिवसभराऐवजी दुपारचे तीन-चार तासच चालतो आणि पाणी त्याच हिशेबाने वाचते. कूलर लावताना समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी, नाहीतर ओल कोंडून घाम येतो. एसी आम्ही एकाच खोलीत, वृद्ध आईसाठी, घेतला. विक्रेत्याने खोलीच्या आकारावरून दीड टनाचा सांगितला होता. वर एक्सपीएस आहे हे धरून आम्ही एक टनाचा पंचतारांकित घेतला. तो २६ अंशांवर ठेवून वर पंखा मंद लावला की ऐन मेमध्येही पुरतो.

अडगळीच्या खोलीवर २०२४ च्या उन्हाळ्यानंतर एक्सपीएस घातले आणि आता ती मुलाच्या अभ्यासाची खोली झाली आहे. गावाकडे धाकट्या भावाने भूकंपानंतर बांधलेले स्लॅबचे घर अजून उघडेच आहे, आणि त्याने परवा फोनवर विचारले की आधी सौरसंच घ्यावा की एसी. मी त्याला सांगितले की, दादा म्हणून ऐकणार असशील तर दोन्ही थांबव. यंदा पाडव्याच्या आत गच्ची घासून चुन्याचे दोन हात दे, पश्चिमेला शेडनेट बांध, पंखे बदल, आणि सोयाबीनचे पैसे हाती आले की दिवाळीनंतर बोर्ड घालायला काढ. बोर्ड बसवण्याचे ते दोन दिवस मी स्वतः गावी येऊन गच्चीवर उभा राहणार आहे, आणि कठड्याच्या बुडाची पट्टी या वेळी राहू देणार नाही.